दोन अज्ञात, दोन साक्षीदार

बीजगणिताच्या तासाला एक चमत्कारिक गोष्ट नेहमी दृष्टीस पडते. फळ्यावर दोन समीकरणे मांडून ‘ही सोडवा’ असे सांगितले, की वर्गातील बहुतेक विद्यार्थी ती बिनचूक सोडवितात. परंतु तीच दोन समीकरणे एखाद्या गोष्टीच्या पोटात दडवून दिली, त्यांना दोन मित्रांच्या धनाचे, नाव आणि प्रवाह यांचे किंवा बाजारातील खरेदीचे रूप दिले, की त्याच विद्यार्थ्यांची लेखणी जागच्या जागी थांबते. ‘शाब्दिक उदाहरण’ एवढे दोन शब्द ऐकूनच कित्येकांच्या मनात धडकी भरते. वस्तुतः गणित बदललेले नसते. बदललेला असतो तो केवळ त्याचा वेष. मग अडते कोठे?

अडते ते वाचण्यात. समीकरणे सोडविणे ही हाताची सवय आहे. ती सरावाने लागते. समीकरणे मांडणे हे मात्र समजून वाचण्याचे काम आहे. शाब्दिक उदाहरणातील प्रत्येक महत्त्वाचे वाक्य हे एखाद्या साक्षीदारासारखे असते. जी राशी आपणांस ठाऊक नाही, तिच्याविषयी ते काही तरी सांगत असते. न्यायाधीश जशी प्रत्येक साक्ष नीट ऐकून घेतो, दोन साक्षीदार एकमेकांस पूरक असे काही सांगतात, एकच गोष्ट पुन्हा सांगतात, की एकमेकांस खोटे पाडतात हे पाहतो आणि मगच निर्णय देतो, तसेच काम विद्यार्थ्यास येथे करावयाचे असते. ते कसे करावे, हे काही उदाहरणांच्या साहाय्याने पाहू.

युक्ती आणि रीत

प्रथम एक अतिशय जुने कोडे घेऊ. चीनमध्ये सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी प्रचलित असलेल्या, सुन्झी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गणितग्रंथात ते आढळते. एका पिंजऱ्यात काही पक्षी व काही ससे आहेत. डोकी मोजली तर ३५ भरतात. पाय मोजले तर ९४ भरतात. तर पक्षी किती व ससे किती? आपल्याकडेही शेळ्या आणि कोंबड्या घेऊन असेच कोडे घातले जाते.

त्या ग्रंथात दिलेली युक्ती मोठी गमतीची आहे. पायांची संख्या निम्मी करा, ४७ आली. आता प्रत्येक पक्ष्याचा एक पाय आणि प्रत्येक सशाचे दोन पाय हिशेबात उरले. यांतून डोक्यांची संख्या, म्हणजे ३५, वजा करा. प्रत्येक प्राण्यामागे एक पाय गेला; पक्ष्यांचे पाय संपले आणि प्रत्येक सशाचा एकेक पाय शिल्लक राहिला. बाकी १२ राहिली. म्हणून ससे १२ आणि पक्षी २३.

आता हेच बीजगणिताने करू. पक्ष्यांची संख्या क्ष आणि सशांची संख्या य मानू. पहिला साक्षीदार डोक्यांविषयी बोलतो, दुसरा पायांविषयी :

क्ष + य = ३५ … (१)
२क्ष + ४य = ९४ … (२)

दुसऱ्या समीकरणास २ ने भागले, तर क्ष + २य = ४७ मिळते. यातून पहिले समीकरण वजा केले, तर य = १२; आणि ही किंमत पहिल्यात घातली, तर क्ष = २३.

नीट पाहिले तर लक्षात येईल, की दोन्ही ठिकाणी पायरी न् पायरी तीच आहे. निम्मे करणे तेच, वजाबाकीही तीच. भेद इतकाच, की युक्ती ज्याला सुचली त्याच्यापुरती आणि त्या एका कोड्यापुरती असते. रीत सर्वांची असते. पक्षी आणि ससे यांच्याऐवजी सहा पायांचे कीटक आणि आठ पायांचे कोळी आणून ठेवले, तर नुसते निम्मे करून भागणार नाही. परंतु रीत तीच राहील. ज्या गोष्टीला एरवी प्रतिभा लागते, ती गोष्ट बीजगणित सामान्य बुद्धीच्या पण कष्टाळू माणसाच्या हाती देते. त्याचे मोठेपण यातच आहे.

अक्षर कशाच्या जागी उभे असते?

शाब्दिक उदाहरणातील पहिली चूक बहुधा अगदी पहिल्या ओळीत होते. ‘क्ष = पक्षी’ असे पुष्कळ विद्यार्थी लिहितात. हे लिहिणे केवळ अपुरे नाही, तर घातक आहे. क्ष हा पक्षी नव्हे. क्ष ही पक्ष्यांची संख्या होय. अक्षर नेहमी संख्येच्या जागी उभे असते, वस्तूच्या जागी नव्हे. म्हणून ‘एका वहीची किंमत क्ष रुपये मानू’, ‘प्रवाहाचा वेग ताशी य किलोमीटर मानू’ असे पूर्ण वाक्य, एककासह, लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

हा भेद किती महत्त्वाचा आहे हे एका लहानशा वाक्यावरून दिसेल. ‘एका शाळेत एका शिक्षकामागे तीस विद्यार्थी आहेत.’ विद्यार्थ्यांची संख्या व आणि शिक्षकांची संख्या श मानून हे समीकरणात लिहा असे सांगितले, तर कित्येक जण, अगदी वरच्या वर्गातील हुशार मुलेसुद्धा, झटकन ‘३०व = श’ असे लिहून मोकळे होतात. ‘तीस विद्यार्थी, एक शिक्षक’ हा डोळ्यांपुढे उभा राहिलेला देखावाच त्यांनी कागदावर उतरविलेला असतो. पण आता व च्या जागी ३०० घालून पाहा. शिक्षक निघतात ९,०००! ते असावयास हवेत केवळ दहा. खरे समीकरण व = ३०श हे आहे; कारण शिक्षकांच्या संख्येस तिसांनी गुणावे, तेव्हा कोठे ती विद्यार्थ्यांच्या संख्येएवढी होते. समीकरण म्हणजे देखाव्याचे चित्र नव्हे; दोन संख्या समान आहेत असे ते विधान आहे. मनात शंका आली, की एखादी सोपी संख्या घालून पाहावी. खोटे समीकरण तत्काळ उघडे पडते.

येथे व्याकरणाचाही मोठा उपयोग होतो. ‘रामाजवळ गोविंदापेक्षा १२ रुपये कमी आहेत’ या वाक्यात ‘पेक्षा’ हे अव्यय ज्याला लागले आहे, तो गोविंद हा मोजण्याचा आधार आहे. रामाजवळ र रुपये आणि गोविंदाजवळ ग रुपये मानले, तर र = ग − १२. घाईने वाचणारा नेमकी उलट मांडणी करतो, आणि मग पुढची सारी आकडेमोड निर्दोष असूनही उत्तर चुकते. ‘ने’ आणि ‘पट’ यांचेही तसेच आहे. ‘तीनने अधिक’ आणि ‘तिप्पट’ या दोन शब्दांत बेरीज आणि गुणाकार यांच्याइतके अंतर आहे. जो विद्यार्थी मराठीच्या तासाला वाक्यपृथक्करण मन लावून करतो, त्याने शाब्दिक उदाहरणांची अर्धी वाट तेथेच चालून संपविलेली असते.

भास्कराचार्यांचे दोन मित्र

अज्ञात राशीला नाव देऊन तिच्याशी ज्ञात राशीप्रमाणेच व्यवहार करण्याची ही कला आपल्या देशात फार प्राचीन काळी परिपक्व झाली होती. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधील. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ रचिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले आहे असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावाजवळ पाटण येथे इ. स. १२०७ मधील एक शिलालेख आहे; भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचे त्यात नमूद आहे. गणिताच्या अध्ययनासाठी असा मठ आणि त्याची नोंद दगडावर, ही गोष्ट आपल्या प्रदेशाला भूषणावह आहे.

आज आपण क्ष, य अशी अक्षरे वापरतो. भास्कराचार्यांच्या बीजगणितात पहिल्या अज्ञात राशीस ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जितके असेल तितके’, असे नाव आहे. आणि पुढच्या राशींना रंगांची नावे आहेत. कालक म्हणजे काळा, नीलक म्हणजे निळा, पीतक म्हणजे पिवळा, लोहितक म्हणजे तांबडा. लिहिताना या, का, नी, पी, लो अशी पहिली अक्षरे घ्यावयाची. रंग म्हणजे वर्ण. म्हणून जेथे अनेक अज्ञात राशी असतात, त्या प्रकरणाचे नाव ‘अनेकवर्ण-समीकरण’. एक राशी दुसरीत मिसळू नये म्हणून याहून सुंदर सोय कोणती?

त्याच ग्रंथातील एक उदाहरण असे आहे. एक जण आपल्या मित्रास म्हणतो, की तू मला शंभर दिलेस तर माझे धन तुझ्या धनाच्या दुप्पट होईल. मित्र उत्तर देतो, की तू मला दहा दिलेस तर माझे धन तुझ्या धनाच्या सहापट होईल. तर प्रत्येकाजवळ किती धन आहे?

पहिल्याजवळ क्ष व दुसऱ्याजवळ य आहेत असे मानू. येथे वाचणाऱ्याची परीक्षा एकाच ठिकाणी आहे. ‘दिले’ या क्रियापदाने दोन बदल होतात. घेणाऱ्याचे धन वाढते आणि देणाऱ्याचे तितकेच घटते. घटणाऱ्या बाजूचा विसर पडला, तर उदाहरण बिघडले. म्हणून मांडणी अशी :

क्ष + १०० = २(य − १००) … (१)
य + १० = ६(क्ष − १०) … (२)

कंस सोडवून दुसऱ्या समीकरणावरून य = ६क्ष − ७० मिळते. पहिल्यावरून क्ष = २य − ३००. यात य ची किंमत घातली, तर क्ष = १२क्ष − १४० − ३००, म्हणजे ११क्ष = ४४०. म्हणून क्ष = ४० आणि य = १७०. आता गोष्टीकडे परत जाऊ. मित्राने शंभर दिले तर १४० आणि ७०, दुप्पट झाले. पहिल्याने दहा दिले तर १८० आणि ३०; सहापट झाले. दोन्ही साक्षी जुळल्या.

भास्कराचार्यांनी मात्र हे उदाहरण एकाच अज्ञात राशीने सोडविण्याची खुबीही दाखविली आहे. शंभर दिल्यावर मित्राजवळ जे उरेल, त्यालाच यावत्तावत् म्हणावे. मग पहिल्याजवळ त्या वेळी त्याची दुप्पट असणार. अर्थात देण्यापूर्वी मित्राजवळ या + १०० आणि पहिल्याजवळ २या − १०० होते. पहिला साक्षीदार अशा रीतीने आरंभीच समाधान पावला; आता केवळ दुसऱ्याचे म्हणणे लिहावयाचे राहिले : या + ११० = ६(२या − ११०). यावरून या = ७० आणि तीच उत्तरे, ४० व १७०. अक्षर कोणत्या राशीला द्यावे याचे स्वातंत्र्य आपणांस आहे. ते विचारपूर्वक वापरले तर निम्मे श्रम वाचतात.

नाव आणि प्रवाह

जेथे वाक्य सरळ राशीविषयी न बोलता तिच्या परिणामाविषयी बोलते, तेथे आणखी एक पायरी लागते. समजा, नर्मदेच्या पात्रात एक नाव प्रवाहाच्या दिशेने २४ किलोमीटर अंतर २ तासांत जाते आणि तेच अंतर प्रवाहाविरुद्ध परत येण्यास तिला ३ तास लागतात. संथ पाण्यातील नावेचा वेग ताशी क्ष किलोमीटर आणि प्रवाहाचा वेग ताशी य किलोमीटर मानू. जाताना प्रवाह नावेस साहाय्य करतो, येताना विरोध करतो. म्हणून

क्ष + य = १२ … (१)
क्ष − य = ८ … (२)

दोन्ही मिळविली तर क्ष = १०; वजा केली तर य = २.

कोणी म्हणेल, की जाऊन येऊन ४८ किलोमीटर झाले, वेळ ५ तास लागला, तेव्हा नावेचा वेग ताशी ९.६ किलोमीटर; दोन अक्षरांचा हा खटाटोप कशाला? परंतु ९.६ ही सबंध प्रवासाची सरासरी आहे, नावेचा स्वतःचा वेग नव्हे. नाव प्रवाहाविरुद्ध अधिक वेळ चालली, म्हणून त्या मंद वेगाचा सरासरीवर अधिक भार पडला. जाताना झालेला लाभ आणि येताना झालेला तोटा एकमेकांस पुरते फेडत नाहीत. ही गोष्ट समीकरणांनी उघड केली. नुसत्या अंदाजाने ती सुटून गेली असती.

साक्ष दुसरी, पण नवी आहे काय?

येथवरच्या प्रत्येक उदाहरणात दोन अज्ञात राशी होत्या आणि दोन समीकरणे होती. यावरून ‘जितक्या अज्ञात राशी तितकी समीकरणे’ असा नियम विद्यार्थी पाठ करतात. नियम चांगला आहे. पण त्यातील एक शब्द बहुधा गाळला जातो. समीकरणे स्वतंत्र असली पाहिजेत.

दोन वह्या व तीन पेने यांची किंमत १३० रुपये आहे, आणि चार वह्या व सहा पेने यांची किंमत २६० रुपये आहे. तर एका वहीची किंमत काय? वाक्ये दोन आहेत, पण साक्ष एकच आहे. दुसऱ्या वाक्याने पहिल्याचीच दुप्पट केली. नवे काही सांगितले नाही. वही ३५ रुपयांची व पेन २० रुपयांचे असू शकेल. वही २० रुपयांची व पेन ३० रुपयांचे असू शकेल. आणखीही कितीतरी जोड्या निघतील. हे उदाहरण सोडवू लागले, तर शेवटी ० = ० असे उरते. त्यात आकडेमोडीची चूक नसते. ‘मला याहून अधिक काही ठाऊक नाही’ अशी ती समीकरणांची प्रामाणिक कबुली असते.

उलट, दुसरी रक्कम २६० ऐवजी २५० दिली असती तर? मग दोन साक्षीदार परस्परविरुद्ध बोलू लागले. सोडविताना ० = १० असे अशक्य विधान हाती येते. एक तर दुकानदाराने अधिक मालावर सूट दिली असेल, किंवा कोणी तरी आकडा लिहिण्यात चुकले असेल. एकाच भावाने मात्र हे दोन्ही व्यवहार होऊ शकत नाहीत.

हे तीनही प्रकार डोळ्यांनी पाहावयाचे असतील, तर आलेख काढावा. फ्रेंच विचारवंत देकार्त यांनी १६३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमितीने बीजगणित आणि आकृती यांची गाठ घालून दिली. दोन अज्ञात राशींचे एकघात समीकरण म्हणजे कागदावरील एक सरळ रेषा. दोन रेषा एका बिंदूत छेदल्या, तर तो बिंदू हेच एकमेव उत्तर. दोन्ही रेषा एकमेकींवर तंतोतंत पडल्या, तर उत्तरे अनंत. आणि त्या समांतर राहिल्या, तर उत्तरच नाही. आकडेमोड करण्यापूर्वी केवळ सहगुणकांची गुणोत्तरे पाहिली, तरी याचा सुगावा लागतो. वरील उदाहरणात दोनास चार आणि तिनास सहा हे गुणोत्तर एकच होते. तेथेच सावध व्हावयास हवे होते.

हिशेबाची पारख

सत्य शोधण्याइतकाच असत्य ओळखण्याचाही गुण समीकरणांत आहे. समजा, शाळेच्या स्नेहसंमेलनातील नाटकासाठी विद्यार्थ्यांना २० रुपयांचे व पाहुण्यांना ५० रुपयांचे तिकीट ठेवले. एकूण २४० तिकिटे खपली व ७,५०० रुपये जमले. विद्यार्थ्यांची तिकिटे क्ष व पाहुण्यांची य मानली, तर क्ष + य = २४० आणि २०क्ष + ५०य = ७,५००. सोडविल्यावर य = ९० व क्ष = १५० येतात. विद्यार्थ्यांचे ३,००० आणि पाहुण्यांचे ४,५०० मिळून रक्कम बरोबर जुळते.

आता असे समजा, की हिशेब ठेवणाऱ्या विद्यार्थ्याने तिकिटे २४० आणि जमा रक्कम ७,५२० रुपये अशी नोंद केली. सोडविताना ३य = २७२ येते. म्हणजे पाहुण्यांची तिकिटे ९० आणि वर एकाचे दोन तृतीयांश! तिकीट तुकड्यांनी विकले जात नाही. तेव्हा रक्कम मोजण्यात तरी चूक आहे, तिकिटांच्या संख्येत तरी, नाही तर कोणाला सुटे पैसे कमी परत गेले असतील. आणि रक्कम ४,५०० रुपये लिहिली असेल, तर य = −१० येईल. उणे दहा पाहुणे नाटक पाहून गेले, असे कोणत्याही सभागृहात घडलेले नाही. समीकरण अपराधी कोण ते सांगत नाही. परंतु दिलेले आकडे एकत्र खरे असू शकत नाहीत, इतके ते निःसंशय सांगते. जो नागरिक पुढे पतपेढीचा, सहकारी संस्थेचा किंवा आपल्या घरचा हिशेब पाहणार आहे, त्याला ही पारख शाळेतच यावयास हवी. आणि ज्याच्यावर हिशेबाची जबाबदारी आहे, त्याच्यावर विनाकारण आळ येऊ नये म्हणूनही ती यावयास हवी.

डोके न उघडता आत पाहणे

स्वतंत्र साक्षीचे महत्त्व किती मोठे आहे, याचे एक उदाहरण वैद्यकातून देतो. १८९५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ राँटगेन यांना एक नवीन किरण आढळले. त्यांचे स्वरूप अज्ञात होते, म्हणून त्यांनी अज्ञात राशीचेच अक्षर त्यांना दिले. मराठीत आपण त्यांना त्याच न्यायाने क्ष-किरण म्हणतो. शरीरातून आरपार जाताना हे किरण क्षीण होतात. किती क्षीण झाले यावरून वाटेतील सर्व भागांनी मिळून केलेल्या शोषणाची बेरीज कळते. परंतु कळते ती केवळ बेरीज. कोणत्या भागाने किती शोषण केले ते कळत नाही.

आता मेंदूचा एक आडवा छेद कल्पा व त्याचे चार चौरस भाग करा. वरच्या ओळीत अ व ब, खालच्या ओळीत क व ड. आडवे दोन किरण व उभे दोन किरण सोडून पुढील बेरजा मिळाल्या असे समजू :

अ + ब = ७, क + ड = ९, अ + क = ६, ब + ड = १०.

अज्ञात राशी चार, समीकरणेही चार. वाटते, की आता उत्तर निश्चित निघणार. पण अ, ब, क, ड यांच्या जागी अनुक्रमे २, ५, ४, ५ घालून पाहा. चारही समीकरणे जुळतात. ३, ४, ३, ६ घालून पाहा, तरीही जुळतात! कारण आडव्या दोन बेरजा मिळून १६ आणि उभ्या दोन मिळूनही १६ होणारच. तीन बेरजा कळल्यावर चौथी आपोआप ठरते. तिची साक्ष नवी नाही. पहिल्या उत्तरात सर्वांत दाट भाग दोन ठिकाणी आहे, दुसऱ्यात केवळ उजवीकडे खाली. शस्त्रवैद्याने कोणत्या जागी पाहावयाचे?

येथे एक तिरपा किरण सोडा. समजा, त्याने अ + ड = ७ असे सांगितले. आधीच अ + ब = ७ आहे, म्हणून ब आणि ड समान. त्यांची बेरीज १०, म्हणून प्रत्येक ५; मग अ = २ व क = ४. एका नव्या दिशेने आलेल्या साक्षीने संदेह संपूर्ण नाहीसा केला.

सीटी स्कॅन या तपासणीच्या मुळाशी हीच कल्पना आहे. ब्रिटिश अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी तयार केलेल्या यंत्रावर लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी प्रथम एका रुग्णाच्या मेंदूची तपासणी झाली. त्या आरंभीच्या यंत्रात चित्राच्या ८० ओळी व ८० स्तंभ, म्हणजे ६,४०० चौकटी होत्या, आणि किरण एकाच बाजूने न सोडता यंत्र डोक्याभोवती फिरवून अनेक दिशांनी सोडले जात. हजारो बेरजांवरून प्रत्येक चौकटीची किंमत शोधण्याचे काम संगणकाने केले. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि पदार्थवैज्ञानिक ॲलन कॉर्मॅक यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्वी ज्यासाठी कवटी उघडावी लागली असती, अशी कित्येक माहिती आता कवटीला हात न लावता मिळते. शाळेत पक्षी आणि ससे मोजताना जे आपण करतो, त्याचेच हे विराट रूप आहे.

ताळा कोठे पाहावा?

शेवटी एक महत्त्वाची सूचना. उत्तर आल्यावर बहुतेक विद्यार्थी ते आपण मांडलेल्या समीकरणांत घालून पाहतात. त्याने आकडेमोड तपासली जाते, मांडणी तपासली जात नाही. समीकरणच चुकीचे लिहिले असेल, तर चुकीचे उत्तरही त्यात चपखल बसेल. म्हणून ताळा पाहावयाचा तो मूळ वाक्यांत. समीकरणे बाजूला ठेवावी, उदाहरण पुन्हा पहिल्यापासून वाचावे आणि आलेल्या संख्या घेऊन ती गोष्ट मनात घडवून पाहावी. मित्राने खरोखर शंभर दिले तर दुप्पट होते काय? नाव खरोखर दोन तासांत पोहोचते काय? जेथून वाक्य आले, तेथेच त्याचा खरेपणा ठरतो.

सरावासाठी तीन उदाहरणे देऊन हा लेख पुरा करतो.

(१) एका दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे. अंकांची अदलाबदल केली असता येणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी आहे. तर ती संख्या कोणती?

(२) तीन नारळ व दोन डझन केळी यांस २१० रुपये पडतात. त्याच भावाने दोन नारळ व तीन डझन केळी यांस २४० रुपये पडतात. तर एका नारळाची व एक डझन केळ्यांची किंमत काय?

(३) दोन भावांच्या आजच्या वयांची बेरीज ३० वर्षे आहे. चार वर्षांपूर्वी ती बेरीज २२ वर्षे होती. तर प्रत्येकाचे आजचे वय किती?

यांपैकी एका उदाहरणातील साक्षीदारांवर विसंबण्यापूर्वी त्यांची नीट उलटतपासणी करावी. उत्तरे येथे दिलेली नाहीत. ज्याने मूळ वाक्यांत ताळा पाहिला, त्याला दुसऱ्या कोणास विचारण्याची गरज पडणार नाही.